जहाज, क्रेन आणि यार्ड: कंटेनर टर्मिनलच्या नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलरवाले, सीएचएकडे (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटकडे) काम करणारी मुलं, लॉजिस्टिक्स शिकणारे विद्यार्थी आणि पहिल्यांदाच माल परदेशी पाठवणारे निर्यातदार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं शक्यतो न्हावाशेव्याची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या बहुतेकांचा कंटेनरशी संबंध तिथूनच येतो. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. क्रेन प्लॅनिंग म्हणजे नेमकं काय? क्रेन तर धक्क्यावर उभीच असते, जहाज आलं की लावायची.

जहाज धक्क्याला लागण्याआधीच तीन गोष्टी ठरलेल्या असाव्या लागतात. जहाज धक्क्याच्या कुठल्या भागात लागणार, त्यावर किती आणि कोणत्या क्रेन चालणार, आणि प्रत्येक क्रेन कुठून सुरुवात करून कुठल्या क्रमाने पुढे सरकणार. पहिलं झालं बर्थ प्लॅनिंग, दुसरं क्रेनवाटप, तिसरं क्रेनचं वेळापत्रक. कागदावर ही तीन कामं वेगळी आहेत, पण एकात बदल झाला की उरलेली दोन्ही हलतात. समजा जहाज ठरल्यापेक्षा दोनशे मीटर पुढे लावावं लागलं. त्याचा एक्स्पोर्ट माल यार्डाच्या ज्या भागात, म्हणजे ब्लॉकमध्ये, रचून ठेवला आहे तो तेवढा लांब पडतो, ट्रकांची फेरी लांबते आणि क्रेन ट्रकची वाट बघत बसते.

२. क्यूसी, आरटीजी, आयटीव्ही अशी नावं ऐकतो. कोण काय करतं?

क्यूसी म्हणजे धक्क्यावरची, रुळांवर चालणारी उंच क्रेन. ती जहाजातून कंटेनर काढते आणि जहाजात ठेवते. आरटीजी ही रबरी चाकांवरची क्रेन यार्डात थप्प्या रचते. हीच यार्डातली क्रेन रुळांवर असेल तर तिला आरएमजी म्हणतात. रेल्वे यार्डात ती जास्त दिसते. या दोघींमध्ये कंटेनर नेणारा टर्मिनलच्या आतला ट्रक म्हणजे आयटीव्ही. बाहेरून येणाऱ्या तुमच्या ट्रेलरचा जहाजाशी थेट संबंध सहसा येत नाही, तो आरटीजीपाशी माल देऊन-घेऊन परत फिरतो. याला अपवाद आहे, तो प्रश्न १५ मध्ये दिला आहे.

३. टीईयू आणि मूव्ह एकच का?

नाही. टीईयू हे क्षमतेचं माप आहे: वीस फुटी कंटेनर म्हणजे १ टीईयू, चाळीस फुटी म्हणजे २. मूव्ह म्हणजे क्रेनने हलवलेला कंटेनर, मग तो विसाचा असो की चाळिसाचा. बंदराचे वार्षिक आकडे टीईयूमध्ये छापून येतात. न्हावाशेव्याने २०२४-२५ मध्ये ७० लाख टीईयूंचा टप्पा ओलांडला तो याच मापाने. क्रेनचं वेळापत्रक मात्र मूव्हवर चालतं, कारण चाळीस फुटी कंटेनर उचलायला दुप्पट वेळ लागत नाही.

४. ३४०७८४ असा आकडा प्लॅनवर असतो, तो कसा वाचायचा?

दोन-दोन अंकांत तोडून. ३४ हा बे, म्हणजे जहाजाच्या लांबीतली जागा. विसाच्या कंटेनरला विषम क्रमांक असतो आणि चाळिसाच्याला सम, म्हणून ३३ आणि ३५ या दोन विसाच्या जागा मिळून चाळिसाचा ३४ होतो. ०७ ही रो, म्हणजे रुंदीतली जागा: मध्यभागी ००, उजव्या बाजूला विषम, डाव्या बाजूला सम. ८४ हा टिअर, म्हणजे उंची. खोलातले म्हणजे होल्डमधले टिअर ०२ पासून वर मोजतात आणि डेकवरचे बहुतेक जहाजांवर ८२ पासून. म्हणून ८४ म्हणजे डेकवरचा दुसरा थर. हे एकदा डोक्यात बसलं की अख्खा स्टोएज प्लॅन, म्हणजे जहाजात कुठला कंटेनर कुठे बसणार याचा नकाशा, वाचता येतो.

५. एका जहाजावर जास्तीत जास्त क्रेन लावल्या तर काम पटकन संपेल ना? मग तीन-चारच का लावतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडं सविस्तर देतो.

पहिली अडचण रुळांची. सगळ्या क्यूसी एकाच रुळांवर असतात, त्यामुळे एक दुसरीला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. दुसरी अडचण रुंदीची. क्यूसी बफरपासून बफरपर्यंत साधारण २७ मीटर रुंद असते आणि चाळिसाचा एक बे मोकळ्या जागेसकट १४ मीटरच्या आसपास. म्हणजे लगतच्या दोन बेवर दोन क्रेन एकाच वेळी बसूच शकत नाहीत.

आता हिशेब बघा. एका जहाजावर १,८०० मूव्ह आहेत, चार क्रेन दिल्या आहेत, प्रत्येकीचा वेग तासाला २५. सरळ भागाकार केला तर तासाला १०० मूव्ह, १८ तासांत काम संपायला हवं. पण बे ३४ वर ३८० मूव्ह आहेत आणि लगतच्या बे ३८ वर २२०. या ६०० मूव्हना एका वेळी एकच क्रेन मिळणार, म्हणजे २४ तास. उरलेले १,२०० मूव्ह तीन क्रेन प्रत्येकी ४०० याप्रमाणे १६ तासांत उरकतात आणि पुढचे आठ तास जहाज एकटीच्या जिवावर धक्क्याला बसून राहतं. पाचवी, सहावी क्रेन आणून उभी केलीत तरी २४ तासांतला एक मिनिटही कमी होत नाही. पंगत उठते ती शेवटचा पाहुणा जेवून उठल्यावर. बाकीच्यांनी किती भराभर जेवलं याला अर्थ नाही.

या रेंगाळणाऱ्या क्रेनला प्लॅनर 'लाँग क्रेन' म्हणतात. क्रेनचे एकूण तास भागिले लाँग क्रेनचे तास केलं की कळतं खऱ्या अर्थाने किती क्रेन चालल्या. इथे ७२ भागिले २४, म्हणजे तीन. चौथी क्रेन लावली, पण जहाजाला मिळाली नाही.

६. मग लाँग क्रेन छोटी कशी करतात?

जहाज यायच्या आधी. शिपिंग लाइनचा मध्यवर्ती प्लॅनर जहाजाच्या कुठल्या बेमध्ये कुठल्या बंदराचा माल भरायचा हे ठरवत असतो. टर्मिनलच्या प्लॅनरने त्याला वेळेत सांगितलं की बे ३४ चे १०० एक्स्पोर्ट कंटेनर पुढच्या मोकळ्या बेमध्ये टाक, तर वरच्या उदाहरणात ६०० चे ५०० होतात आणि लाँग क्रेन २४ वरून २० तासांवर येते. चार तास वाचले, आणि एकाही ऑपरेटरने हात जास्त वेगाने चालवलेला नाही.

टर्मिनलची कार्यक्षमता म्हणजे ऑपरेटरची चपळाई, असं बाहेरून वाटतं. माझं ठाम मत आहे की जहाजाचा वेळ वाचतो तो बहुतांशी ऑफिसात, जहाज अजून समुद्रात असताना झालेल्या या एका ई-मेलमध्ये. जहाज धक्क्याला लागल्यावर विभागणीत फारसं काही करता येत नाही.

७. पहिल्यापासून आजपर्यंत क्रेन किती वेगवान झाल्या?

वाटतं तेवढ्या नाही. १९५६ साली माल्कम मॅकलीन यांच्या 'आयडियल एक्स' जहाजाने न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर नेले, तिथून आधुनिक कंटेनर वाहतूक मोजतात. कंटेनरसाठीच बनवलेली पहिली धक्क्यावरची क्रेन १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या अलामेडा इथे उभी राहिली. ती साधारण तीन मिनिटांत एक कंटेनर हलवायची, म्हणजे तासाला वीस. आज चांगल्या टर्मिनलवर सगळे खोळंबे धरून तासाला पंचवीस-तीसची सरासरी असली तर ती समाधानकारक मानतात. दरम्यान जहाज ५८ कंटेनरवरून २४,००० टीईयूंवर गेलं. मोटर, स्प्रेडर (कंटेनर पकडणारी क्रेनची चौकट), ब्रेक सगळं सुधारलं, पण कंटेनर लांबून आणि उंचावरून आणावा लागतो, त्यात तो वेग खर्ची पडतो.

८. तासाला ४० मूव्हचा विक्रम वाचला. तुम्ही २५ म्हणता. खरं कोण?

दोन्ही खरं असू शकतं. कशाला कशाने भागलं ते बघा. 'नेट' दरात हॅच कव्हर (होल्डवरचं झाकण) काढणं-लावणं, बिघाड, शिफ्ट बदल असे खोळंबे वजा केलेले असतात. 'ग्रॉस' दरात ते धरलेले असतात. ट्विन लिफ्टमध्ये क्रेन दोन विसाचे कंटेनर एकदम उचलते, त्यामुळे विसाचा माल जास्त असलेल्या जहाजावर आकडा फुगतो. आणि जहाजमालकाला यातलं काहीच नको असतं. त्याला हवा असतो बर्थचा दर: एकूण मूव्ह भागिले जहाज धक्क्याला होतं तेवढे तास. प्रश्न ५ मधल्या जहाजावर प्रत्येक क्रेनने तासाला २५ पूर्ण केले, तरी बर्थचा दर १०० न येता ७५ च येतो.

९. सर, जहाज लागून दहा तास झाले, ट्रॅकिंगवर माझा इंपोर्ट कंटेनर अजून 'ऑन बोर्ड' दाखवतोय. विसरले का?

विसरलेले नाहीत. तुमचा कंटेनर जहाजात कुठे बसला आहे त्यावर त्याचा नंबर ठरतो, तुम्ही कागद किती लवकर केलेत त्यावर नाही. एका बेवरचं काम ठरावीक क्रमानेच होतं. आधी लॅशिंगची माणसं डेकवरचे कंटेनर बांधून ठेवणारे सळ्या-टर्नबकल सोडवतात. मग डेकवरचे कंटेनर उतरतात. मग हॅच कव्हर उचलायचं. पंचवीस-तीस टनांचं हे लोखंडी झाकण क्रेन धक्क्यावर आपल्या पाठीमागच्या बाजूला नेऊन ठेवते. त्यानंतर होल्डमधला माल बाहेर, एक्स्पोर्टचा आत, झाकण परत, आणि शेवटी डेकवरचं लोडिंग.

तुमचा कंटेनर होल्डच्या तळाला असेल आणि तो बे क्रेनच्या यादीत तिसरा असेल, तर दहा तास अगदी स्वाभाविक आहेत. एखादा कंटेनर घाईचा आहे म्हणून क्रेन मध्येच दुसऱ्या बेवर नेणं जवळपास कधीच होत नाही. वाटेत जहाजाची चिमणी किंवा ब्रिज आला तर बूम, म्हणजे क्रेनचा जहाजावर जाणारा हात, वर करून, क्रेन सरकवून, पुन्हा बूम खाली घ्यावा लागतो, आणि त्यात खालची ट्रकांची रांगही मोडते.

१०. सगळा माल एका बाजूचा आधी काढला तर क्रेनला सोपं नाही का पडणार?

पडेल, पण जहाज कलंडायला लागेल. थोडा कल बॅलास्ट पाणी इकडून तिकडे घेऊन सावरता येतो, पण क्रेनचा वेग पंपापेक्षा जास्त असतो. जहाज एका बाजूला झुकलं की होल्डमधल्या गाइडमध्ये कंटेनर अडकतात आणि ऑपरेटरला प्रत्येक कंटेनर झुलवत काढावा लागतो. म्हणून क्रेनचा क्रम जहाजाच्या चीफ ऑफिसरला आधी दाखवतात आणि त्याची संमती घेतात. स्थिरतेच्या बाबतीत शेवटचा शब्द जहाजाचा असतो, टर्मिनलचा नाही, आणि ते योग्यच आहे.

११. धक्क्यावर गेलो होतो तेव्हा क्रेन नुसती उभी होती. खाली ट्रकही नव्हता. ही कामचुकारपणाची लक्षणं ना?

ऑपरेटरला दोष देण्याआधी ट्रकांचं गणित बघा. तासाला २५ मूव्ह म्हणजे दर २.४ मिनिटांनी एक रिकामा ट्रक क्रेनखाली हवा. धक्का ते यार्ड आणि परत अशी फेरी १२ मिनिटांची असेल तर १२ भागिले २.४, म्हणजे पाच ट्रक पुरतात. आता ब्लॉक लांबचा मिळाला, आरटीजीपाशी बाहेरच्या ट्रेलरांची गर्दी झाली आणि फेरी १८ मिनिटांवर गेली. लगेच साडेसात, म्हणजे आठ ट्रक लागतात. पाचच असतील तर क्रेन तासाला सतराच्या वर जाऊच शकत नाही.

त्यातही खरा अडथळा बहुतेक वेळा आरटीजी असते. दोन क्यूसींचा माल एकाच ब्लॉकमध्ये सोडला की सगळे आयटीव्ही त्या एकाच आरटीजीपुढे जमतात. धक्क्यावर क्रेन उभी दिसते, पण दुखणं अर्धा किलोमीटर मागे असतं. म्हणून एका क्रेनचा माल दोन-तीन ब्लॉकमध्ये पसरवायचा हा यार्ड प्लॅनिंगचा पहिला नियम आहे. काही टर्मिनल ट्रक एकेका क्रेनला बांधून देत नाहीत, सगळे एकत्र ठेवून ज्या क्रेनला आधी लागेल तिथे पाठवतात.

१२. यार्डात कंटेनर कुठेही ठेवला तर काय बिघडतं? नंबर तर सिस्टिममध्ये असतोच.

खालचा कंटेनर हवा असेल तर वरचे आधी उचलावे लागतात, इतकं साधं आहे. आरटीजीखाली सहसा सहा रांगा आणि पाच थर असतात. सगळ्यात खालचा हवा असेल तर वरचे चार हलवा, मग तो काढा. एका मूव्हसाठी पाच. एक्स्पोर्टच्या बाबतीत म्हणून कंटेनर गट पाडून ठेवतात: एकाच जहाजाचे, एकाच बंदराचे, एकाच आकाराचे आणि साधारण एकाच वजनाचे एकत्र. त्यातले जड कंटेनर वरच्या थरात ठेवणं चांगलं, कारण जहाजात तळाला जड जातात आणि म्हणून ते आधी लागतात.

इंपोर्टला हा उपाय चालत नाही. कोणाचा ट्रेलर कधी येणार हे आधी कळत नाही, त्यामुळे इंपोर्टच्या थप्प्या शक्य तितक्या बुटक्या ठेवायच्या, एवढंच हातात असतं. ज्या दिवसांत यार्ड तुडुंब असतं त्या दिवसांत तेही राहत नाही.

१३. एक्स्पोर्टचं कट-ऑफ जहाजाच्या इतकं आधी का? शेवटच्या तासापर्यंत माल का घेत नाही?

कारण प्रश्न ६ मधली विभागणी आणि प्रश्न १२ मधली रचना, दोन्हींना पक्की यादी लागते. कुठल्या बंदराचे किती, किती वजनाचे, हे कळल्याशिवाय बे भरता येत नाही. वजनाचं महत्त्व सगळ्यात जास्त. १ जुलै २०१६ पासून समुद्री सुरक्षेच्या सोलास करारानुसार प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. निर्यातदारांना कळकळीने सांगतो: व्हीजीएम अंदाजाने भरू नका. बारा टन सांगितलेला कंटेनर चोवीस टनांचा निघाला आणि तो डेकवर वरच्या थरात बसला, तर भर समुद्रात अख्खी थप्पी कोसळू शकते. त्या जहाजावर माणसं राहत असतात.

१४. नाशिकहून द्राक्षांचे रीफर पाठवतो. आमच्या कंटेनरला वेगळं प्लॅनिंग असतं का?

असतं. रीफरला, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरला, यार्डात आणि जहाजावर वीज लागते, आणि जहाजावर सॉकेट ठरावीक बेमध्येच असतात. जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात युरोपच्या जहाजांवर रीफर वाढतात आणि ते सगळे त्याच थोड्या बेमध्ये जातात. म्हणजे हंगामात लाँग क्रेन आपोआपच तिथे तयार होते. लोडिंगच्या वेळी यार्डात प्लग काढल्यापासून जहाजावर प्लग लागेपर्यंतचा वेळ कमीत कमी राहावा म्हणून रीफर क्रेनखाली अगदी त्यांच्या पाळीलाच बोलावतात. तुमच्या हातात असलेली गोष्ट एकच: तापमानाची नोंद फॉर्म १३ (एक्स्पोर्ट कंटेनर बंदरात आत घेण्यासाठीचा कागद) आणि बुकिंगवर सारखीच हवी. आकडा जुळला नाही की रीफर बाजूला राहतो.

१५. धोकादायक माल आणि अवाढव्य यंत्रं यांचं काय?

धोकादायक मालाच्या वर्गानुसार कुठला कुठल्यापासून किती अंतरावर ठेवायचा याचे आयएमडीजी, म्हणजे समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय, नियम आहेत. प्लॅन त्याच चौकटीत बसवतात. स्फोटकांसारखे काही वर्ग बहुतेक टर्मिनल यार्डात ठेवूच देत नाहीत. तो ट्रेलर ठरलेल्या वेळी थेट जहाजाखाली येतो. कंटेनरच्या मापाबाहेरची यंत्रं फ्लॅट रॅकवर, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर, येतात. त्यांना नेहमीचा स्प्रेडर चालत नाही, साखळदंड किंवा खास फ्रेम लावावी लागते. अशा एका मूव्हला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, म्हणून ते लाँग क्रेनवर टाकत नाहीत.

१६. काम संपलं तरी जहाज निघत नाही, उलट कधी काम अर्धवट टाकून निघतं. का?

दोन्हीचं उत्तर भरतीत आहे. मुंबईच्या खाडीत दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. उधाणाच्या दिवसांत ओहोटी आणि भरतीच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडतो, भांगेच्या दिवसांत बराच कमी. चॅनेल गाळ काढून खोल केलेलं असलं, तरी खूप खोल बसणाऱ्या जहाजाला भरती साधूनच निघावं लागतं. भरती दुपारी दोनला आहे आणि काम तीनला संपणार असेल, तर एका तासासाठी पुढचे बारा तास जातात.

अशा वेळी लाइन शेवटचे कंटेनर सोडून निघायचा निर्णय घेते. त्याला 'कट अँड रन' म्हणतात आणि मागे राहिलेल्या कंटेनरना 'शट-आउट'. तुमचा कंटेनर शट-आउट झाला तर तो पुढच्या जहाजावर जातो. यार्डातलं भाडं कोणी भरायचं हे बुकिंगच्या अटींवर ठरतं, म्हणून त्या आधी वाचून ठेवा. प्लॅनरच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की वेळापत्रक पुढून मागे करायचं नसतं. आधी भरतीची वेळ धरायची आणि तिथून उलट मोजत यायचं.

भरतीचा एक परिणाम कमी लोकांना माहीत असतो. पाणी चढलं की जहाजही वर येतं, आणि माल उतरत गेला की आणखी वर. उंची कमी असलेल्या जुन्या क्रेनखाली डेकवरचे वरचे थर अशा वेळी स्प्रेडरला अडतात. मग ते थर ओहोटी असतानाच काढून घ्यावे लागतात.

१७. विंडो ठरलेली असूनही जहाजं एकदम का येतात? मग क्रेन कोणाला?

नियमित सेवांना आठवड्यातली ठरावीक वेळ दिलेली असते, तीच विंडो. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाजाने सुएझ कालवा सहा दिवस अडवला, किंवा २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, की विंडो कोलमडतात आणि तीन आठवड्यांची जहाजं एका आठवड्यात येतात. वेळेवर आलेल्याला प्राधान्य, उशिरा आलेल्याला मिळेल ती जागा, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे.

क्रेनच्या बाबतीत मात्र शेजार महत्त्वाचा. एका जहाजाची क्रेन दुसऱ्याला द्यायची तर ती दोघांच्या मधल्या टोकाचीच देता येते, कारण रूळ एकच. म्हणून दोन शेजारी जहाजांची जड, म्हणजे जास्त मूव्ह असलेली, बाजू समोरासमोर आली तर मधली क्रेन आधी एकाला, मग दुसऱ्याला असा क्रम लावता येतो. जड बाजू विरुद्ध टोकांना पडल्या तर तेही जमत नाही.

१८. मधली क्रेन बंद पडली तर?

बूम वर घेता येत असेल आणि क्रेन सरकत असेल तर तिला रुळाच्या टोकाकडे ढकलतात आणि बाकीच्या क्रेन एकेक घर सरकतात. ती जागेवरच अडकली तर रुळाचे दोन तुकडे झाले असं समजून डावीकडच्या आणि उजवीकडच्या क्रेनसाठी दोन वेगळी वेळापत्रकं करावी लागतात. बूम खालीच राहिला असेल आणि स्प्रेडर होल्डमध्ये असेल, तर सगळ्यात आधी तो बाहेर काढणं. तोपर्यंत जहाज निघू शकत नाही.

१९. पावसाळ्यात काम थांबतं का? आणि वादळात?

पावसात काम चालू राहतं, वेग पडतो. थांबवतो तो वारा. मर्यादा क्रेनच्या बनावटीनुसार ठरते, पण ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास बहुतेक क्यूसी काम थांबवतात, बूम वर घेतात आणि धक्क्यातल्या खाचेत पिन टाकून क्रेन जखडतात. पिनांच्या खाचा ठरावीक जागीच असतात, त्यामुळे इशारा आल्यावर क्रेन तिथपर्यंत न्यायला लागणारा वेळही प्लॅनमध्ये धरावा लागतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेलं. अशा वेळी जहाजं धक्क्यावरून काढून समुद्रात पाठवणंच सुरक्षित असतं. क्रेन जखडण्यात कुचराई का करायची नाही, हे सप्टेंबर २००३ मध्ये बुसानला दिसलं. मेमी वादळाने तिथल्या ११ क्रेन पाडल्या किंवा निकामी केल्या.

२०. जहाज मोठं आणि क्रेन छोटी असेल तर पलीकडच्या रांगा कशा काढता?

सगळ्यात मोठी जहाजं ६१ मीटर रुंद आणि २४ रांगांची असतात. जुन्या पॅनामॅक्स क्रेनचा (जुन्या पनामा कालव्यात मावणाऱ्या जहाजांसाठी बनवलेल्या) हात तेरा रांगांपर्यंतच पोचतो. मधल्या आकाराच्या जहाजांना लाइन पलीकडच्या एक-दोन रांगांत या बंदराचा मालच ठेवत नाही. तरीही राहिलाच, तर काही वेळा जहाज वळवून दुसऱ्या बाजूने धक्क्याला लावतात. त्यात टग, पायलट, दोर बांधणं-सोडणं असे तीन-चार तास जातात, म्हणून हा अगदी शेवटचा उपाय.

२१. हे सगळं कंप्युटर का करत नाही?

बरंच करतो. नॅव्हिसच्या एन४सारख्या टर्मिनल ऑपरेटिंग सिस्टिम जगभर वापरात आहेत. प्रत्येक कंटेनरची जागा, प्रत्येक ट्रकचं काम त्यातून जातं. क्रेनचा सर्वोत्तम क्रम शोधणं हे मात्र गणिताच्या दृष्टीने अवघड कोडं आहे. कार्लोस डगान्झो यांनी १९८९ साली ते मांडलं, किम आणि पार्क यांनी २००४ मध्ये क्रेनमधलं अंतर, कामांचा क्रम अशा खऱ्या अटींसह ते पुढे नेलं. बे आणि क्रेन वाढल्या की शक्यता इतक्या वाढतात की अचूक उत्तराऐवजी पुरेसं चांगलं उत्तर घ्यावं लागतं. आणि ते उत्तर हातात येईपर्यंत एखादा ट्विस्ट लॉक (कंटेनर एकमेकांना जखडणारी कडी) जाम झालेला असतो. चांगला प्लॅनर म्हणूनच लाँग क्रेनला थोडी मोकळी जागा ठेवून प्लॅन करतो.

सिस्टिम बंद पडली तर काय होतं याचाही अनुभव आहे. २७ जून २०१७ च्या जागतिक सायबर हल्ल्यात न्हावाशेव्यातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं आणि बाहेर ट्रेलरांच्या रांगा लागल्या. क्रेन सगळ्या धडधाकट होत्या. कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारं कोणी नव्हतं.

२२. ऑटोमेशन आलं की क्रेन ऑपरेटरची नोकरी जाणार का? मुलाला हे क्षेत्र निवडू द्यावं का?

रॉटरडॅमला १९९३ पासून चालकाशिवायच्या गाड्या कंटेनर वाहतायत. आपल्याकडे केरळात विळिंजम बंदरात, जे मे २०२५ मध्ये औपचारिकपणे सुरू झालं, धक्क्यावरच्या क्रेन दुरून चालवल्या जातात, आणि यार्डातल्या क्रेनवर तिथल्या मच्छीमार वस्त्यांमधल्या तरुणी कंट्रोल रूममधून काम करतात. काम गेलं नाही. ते चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमधून खाली, पडद्यासमोर आलं. पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. तिथे प्रत्येकी १,००० मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल व्हायची आहेत. त्या प्रकल्पाला मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. म्हणून एक मागणी इथेच नोंदवतो: तिथलं क्रेनचं आणि प्लॅनिंगचं प्रशिक्षण आधी डहाणू-पालघरच्या मुलामुलींना मिळालं पाहिजे, आणि बंदर उभं राहायच्या आधी मिळालं पाहिजे.

मुलाला येऊ द्या. फक्त त्याला ऑपरेटरच्या परवान्याबरोबर स्टोएज प्लॅन वाचायलाही शिकवा. सुरुवात प्रश्न ४ पासून करता येईल.